दीवच्या इतिहासात निर्णायक वर्ष कोणते: १५०९ की १५३५?

प्रश्न:
काठेवाडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या दीव या बेटाविषयी वाचताना १५०९ च्या आरमारी लढाईलाच मानाचे पान दिलेले आढळते. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने इजिप्तचे मामलुक सत्ताधीश, गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा राजा सामुतिरी (झामोरिन) यांच्या एकत्रित आरमाराला तेथे हरवले, हे खरे. परंतु किल्ला उभा राहू लागला तो १५३५ मध्ये. मधली २६ वर्षे पोर्तुगीज कशासाठी थांबले असावेत?

प्रतिसाद १:
ते थांबले नव्हते, त्यांना ते साधले नव्हते. विजय पाण्यावरचा होता. बेट सुलतानाकडेच राहिले आणि तेथील सुभेदार मलिक अय्याज याने पोर्तुगिजांशी गोडीगुलाबीने वागत त्यांना किल्ला मात्र बांधू दिला नाही. १५३१ मध्ये गव्हर्नर नुनो द कुन्हा मोठे आरमार घेऊन आला, तोही हात हलवत परतला. पुढे हुमायूनच्या आक्रमणाने कोंडीत सापडलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने १५३४ च्या वसईच्या तहाने (दुसऱ्या बाजीरावाचा तो तह फार नंतरचा) वसई दिली आणि मदतीच्या आशेने पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधण्याची परवानगीही दिली. हुमायून माघारी गेल्यावर बहादूरशाहाला पश्चात्ताप झाला. परंतु १५३७ मध्ये नुनोच्या जहाजावरील भेटीहून परतताना झालेल्या चकमकीत तो मारला गेला. त्यामुळे माझे मत १५३५ च्या बाजूने आहे.

प्रतिसाद २:
परवानगी मिळणे वेगळे आणि किल्ला टिकवणे वेगळे. १५३८ मध्ये सुलेमान पाशाच्या उस्मानी (तुर्की) आरमाराने गुजरातच्या फौजेसह वेढा घातला, पण दोघांत बेबनाव झाल्याने तो उठला. १५४६ चा वेढा कित्येक महिने चालला आणि पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रु स्वतः कुमक घेऊन आल्यावरच मोडला. उद्ध्वस्त तटबंदी पुन्हा उभारण्यासाठी त्याने गोव्याकडे कर्ज मागताना स्वतःच्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवले, असे सांगतात. तिजोरीची अवस्था त्यावरून कळते! निकाल खऱ्या अर्थाने १५४६ मध्येच लागला, असे मला वाटते.

प्रतिसाद ३:
पुढच्या काळाविषयी थोडेसे. व्यापार सुरतेकडे वळत गेल्यावर दीवचे महत्त्व ओसरले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील मुलखापैकी दमण आणि दीव एवढीच ठाणी उरली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय नौदलाच्या ‘दिल्ली’ या युद्धनौकेने त्याच किल्ल्यावर तोफा डागल्या आणि तेथील शिबंदी शरण आली.