डीसी बदलून येतो, तेव्हा त्याची मागची वही कोण बघतं?

शहापूरकर (धागा सुरू करणारा)

परवा चहाच्या गाड्यावर बेळगावच्या नवीन डीसीसाहेबांच्या (कर्नाटकात कलेक्टरला डीसी म्हणतात) बदलीचा विषय निघाला. आपल्याकडं अशा वेळी तीन प्रश्न ठरलेले असतात. मराठी कळतं का? खातो का? कुठल्या मंत्र्याचा माणूस? याच्या आधी जिथं होता तिथं लोकांना सभा-मोर्चे करू दिले का, किती वेळा जमावबंदी लावली, त्याच्या काळात आंदोलकांवर घातलेल्या खटल्यांचं कोर्टात काय झालं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी सांगणार कोण?

सीमाभागात हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. वर्षातून दोनदा तरी आपले हक्क एका सहीवर अडकतात. एकदा 1 नोव्हेंबरला, आपल्याला कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला, आणि दुसऱ्यांदा बेळगावात कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा मराठी माणसांच्या महामेळाव्याला. शहरात ती सही पोलीस कमिशनरची, बाहेर डीसीची. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राचे दोन मंत्री, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई, येणार होते. त्यांनाही जिल्ह्यात पाऊल टाकायला बंदी झाली ती जमावबंदीच्या कलम 144 खालीच. आता 144 चं 163 झालं, कागद तोच.

आयएएस अधिकाऱ्याची शेती किती, फ्लॅट किती, हे दरवर्षी सरकारच्या वेबसाइटवर येतं. कुणीही बघावं. मग त्यानं किती जमावबंद्या लावल्या, किती परवानग्या नाकारल्या, त्यातल्या किती कोर्टानं रद्द केल्या, हे का येऊ नये? प्लॉटपेक्षा आम्हाला त्याच्याशी जास्त देणंघेणं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की जिल्हा हातात देण्याआधी ही वही जाहीर करा. मग ती म्हैसूरच्या साहेबाची असो नाहीतर आपल्या मिरजेच्या.

खडेबाजार वकील

कल्पना ऐकायला बरी आहे, पण चुलीवर भांडं ठेवण्याआधी तांदूळ बघा. अधिकाऱ्याचा वार्षिक गोपनीय अहवाल माहिती अधिकारात मागता येतो का? 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं गिरीश देशपांडे प्रकरणात सांगितलं की नोकराची कामगिरी हा त्याच्या आणि मालकाच्या मधला विषय आहे. मोठं जनहित दाखवल्याशिवाय हात लावता येणार नाही. तो खटला आपल्या महाराष्ट्रातलाच.

दुसरं म्हणजे डीसी स्वतःच्या मनानं बंदी घालतो असं तुम्हाला खरंच वाटतं? बेंगळूरहून फोन येतो. 31 ऑक्टोबरच्या रात्री त्याच्या जागी बसून बघा. परवानगी दिली आणि एक दगड पडला तर नोकरी गेली. नाकारली तर चार निवेदनं येतात, ती फायलीला लावून टाकायची. त्याची वही काढून दोष त्याच्या माथी मारायचा आणि मंत्री मोकळा, हा कुठला न्याय?

आणि तिसरं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. अशी वही झालीच तर ती फक्त तुम्ही वाचणार नाही. ज्यानं दोन वर्षं फेरीला परवानगी दिली, त्याचं नाव दुसऱ्या बाजूचे लोक फलकावर लावतील, 'मराठीधार्जिणा' म्हणून. पंधरा दिवसांत बदली. मग पुढचा परवानगी देईल?

कंग्राळीचा गडी

वकीलसाहेब बरोबर सांगालेत. पण फोन येतोय म्हणून सही कुणाची हाय ते बदलतंय काय? 🙄

निवृत्त शिरस्तेदार

मी तीस वर्षं महसूल खात्यात काढली. कुठल्या तालुक्यात ते विचारू नका, पेन्शन अजून चालू आहे. जमावबंदीचा आदेश कसा निघतो ते सांगतो. आधी पोलिसांचं पत्र येतं, 'शांतता भंग होण्याची शक्यता'. साहेब म्हणतात, मागच्या वर्षीची फाईल काढा. फाईल निघते. तारीख बदलतो, साहेबाचं नाव बदलतो, कधी कधी चौकाचं नाव बदलायचं राहून जातं. एका वर्षी तर गेलेल्या साहेबाचंच नाव खाली राहिलं होतं आणि सही नव्या साहेबाची. दुपारनंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, मग व्हाइटनर.

यात कुणी दुष्ट नव्हतं. दोन साहेब तर फार सज्जन होते. पण वाचून सही केली असं मी फार कमी वेळा बघितलं.

शहापूरकर

शिरस्तेदार, तुम्ही वकीलसाहेबांच्या बाजूनं बोलायला आलात आणि माझी केस मांडून गेलात!

डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व कायद्याच्या वेळी बेंगळूरच्या पोलीस कमिशनरनं अख्ख्या शहरात 144 लावलं होतं. हायकोर्टात प्रकरण गेलं. मुख्य न्यायमूर्ती होते आपले ठाण्याचे अभय ओक. फेब्रुवारी 2020 मध्ये तो आदेश बेकायदा ठरला. का? कमिशनरनं हाताखालच्या अधिकाऱ्यांची पत्रं उतरवून खाली सही केली, स्वतःचं कारण कुठं लिहिलंच नाही म्हणून. तुमची व्हाइटनरची फाईल आणि ती फाईल, फरक तो किती?

पण निकाल लागला तेव्हा ती तीन दिवसांची जमावबंदी संपून दीड महिना उलटला होता. ज्यांना त्या दिवशी उचललं त्यांना काय मिळालं? आणि त्या निकालाची एक ओळ तरी कुणा अधिकाऱ्याच्या नावापुढं पुढच्या पोस्टिंगच्या वेळी आपल्याला दिसते का?

येळ्ळूर रोड

वही वही काय लावलंय. 27 जुलै 2014 ला येळ्ळूरमध्ये 'महाराष्ट्र राज्य' फलकावरनं लाठ्या चालल्या, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. मार खाल्लेल्यांवरच केसी पडल्या, कोर्टाच्या तारखा करून करून चपला झिजल्या. त्याआधी 1986, कन्नड सक्तीविरुद्ध. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जाऊन नावं वाचा. वही तिथं दगडात लिहिलेली हाय.

खडेबाजार वकील

येळ्ळूरचा फलक हायकोर्टाच्या आदेशानं काढला होता. कोर्टाचा आदेश पाळल्याबद्दल अधिकाऱ्याच्या वहीत लाल शेरा मारणार का?

येळ्ळूर रोड

फलक काढा म्हणून आदेश होता. माणसं झोडा म्हणून होता काय?

खडेबाजार वकील

नव्हता. हे मान्य.

वडगावची बाई

इतिहासाची शिक्षिका आहे, म्हणून राहवत नाही. वहीच काढायची तर पहिलं पान उघडा. 17 जानेवारी 1956. मुंबई केंद्रशासित करणार ही घोषणा झाली, बेळगाव पेटलं, गोळीबार झाला. दरवर्षी त्या दिवशी आपण हुतात्म्यांना फुलं वाहतो. तेव्हा बेळगाव कुठल्या राज्यात होतं? म्हैसूर राज्यात आपण गेलो 1 नोव्हेंबरला, म्हणजे नऊ-साडेनऊ महिन्यांनी. जानेवारीत आपण मुंबई राज्यात होतो आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई. म्हणजे गोळी झाडणारे पोलीस मुंबई राज्याचे.

वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम गप्प होतात. एकदा एकीच्या वडिलांनी येऊन विचारलं, 'बाई, हे कशाला सांगता?' मी म्हटलं, तारीख पुस्तकातली आहे, माझी नाही.

शहापूरकर म्हणतात तशी वही हवीच. पण ती 'कन्नड साहेबाची वही' म्हणून उघडणार असाल तर माझी सही नको.

पिंपरीचा मावळा

एवढी चर्चा कशाला? सुप्रीम कोर्टात निकाल लागेपर्यंत सगळा भाग केंद्रशासित करा. विषय संपला. 🚩

कंग्राळीचा गडी

महाराष्ट्राचा सीमेचा दावा 2004 पासून पडलाय दादा. तोवर आमचा डीसी कोण असायचा ते आम्ही ठरवालोय. तुम्ही जेवून घ्या.

गोकाकचा शेजारी

माझी मातृभाषा कन्नड. चौथीपर्यंत निपाणीत मराठी शाळेत शिकलो, त्यामुळं हे सगळं वाचतो. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

बाईंचं पटलं. पण तुमच्या वहीत एक पान मी जोडणार. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथं आमची माणसं आहेत. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं निपाणी, खानापूरसकट 264 गावं तुमच्याकडं सुचवली, तशी अक्कलकोट, दक्षिण सोलापूरसकट 247 गावं आमच्याकडं सुचवली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगायचा विषय काढला तेव्हा तुमच्याकडं केवढा गदारोळ झाला. पण त्या गावांना पाण्याचं आणि कन्नड शाळेतल्या मास्तरचं काय पाहिजे होतं, ते कुणी विचारलं? सांगली-सोलापूरच्या कलेक्टरची वही तुम्ही मागणार का?

आणि हक्क फक्त फेरी काढणाऱ्याचेच नसतात. फेब्रुवारी 2025 मध्ये भाषेवरनं कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसेस बंद पडल्या. माझी बहीण कोल्हापूरला दवाखान्यात होती. मी दोन गाड्या बदलून गेलो. डीसीनं गर्दी आवरायची नाही तर कुणी आवरायची?

खडेबाजार वकील

शेजारी, हेच मी म्हणतोय. जमावबंदी म्हणजे प्रत्येक वेळी दडपशाही नव्हे.

शहापूरकर

शेजारी, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. हो, सांगली-सोलापूरची वही मागणार. लिहून देतो.

वकीलसाहेब, गर्दी आवरायला नको असं मी म्हटलेलंच नाही. ज्या दिवशी दगड पडायचं खरोखर चिन्ह आहे त्या दिवशी जमावबंदी लावा. पण कारण लिहा. जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन निकालात सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं. आदेश जाहीर करा, कारणं द्या, गरजेपुरतीच बंदी घाला, आणि पुन्हा पुन्हा तोच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर.

तुमचा गोपनीय अहवालाचा मुद्दा मात्र मला लागू पडला, मी मागं घेतो. साहेबाला दहापैकी किती गुण पडले ते नको मला. पण जमावबंदीचा आदेश काही गोपनीय नाही, तो तर जाहीरच करायचा असतो. मग मागायचं ते एवढंच, गेल्या दहा वर्षांतले सगळे आदेश, सहीसकट, आणि ज्या पोलीस पत्रांवरून काढले ती पत्रं. शेजारी शेजारी ठेवली की शिरस्तेदारांची फाईल आपोआप दिसेल.

वडगावची बाई

आणि ते आदेश कुठल्या भाषेत निघाले तेही बघा. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या, असं 1956 पासून ठरलेलं आहे. आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत मराठी 18 टक्क्यांहून जास्त आहेत. जमाव करू नका हे सांगणारा कागद मराठीत कुणी बघितलाय?

निवृत्त शिरस्तेदार

माझ्या हातून तरी एकही गेला नाही. टाइपरायटरच कन्नड होता.

खडेबाजार वकील

ठीक आहे, आदेशांपुरतं मी तुमच्यासोबत. पण माझं भय कायम आहे. परवानगी देणाऱ्याचं नाव तुमच्या तक्त्यात आलं की त्याचं वाटोळं होणार. मी असतो तर नाव न घालता नुसत्या पदानं तक्ता केला असता.

शहापूरकर

नाव नको तर मग वही कसली? पद इथंच राहतं, माणूस बदलून जातो. पुढच्या जिल्ह्याला कळायचं कसं?

खडेबाजार वकील

यावर आपलं जमणार नाही.

शहापूरकर

नाही जमणार. अर्ज तर टाकू. कुणी मसुदा करतंय का? मराठीत चालेल ना?

खडेबाजार वकील

माहिती अधिकार कायदा, कलम 6. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत.

कंग्राळीचा गडी

म्हणजे मराठीचं काय झालं हे विचारायला पण मराठी चालत नाही 😂

गोकाकचा शेजारी

कन्नडमध्ये मी लिहून देतो. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, आमच्याकडं तसा नियम आहे. सोलापूरच्या कलेक्टरचा अर्ज मात्र मराठीत तुम्ही लिहायचा. त्यातही जमावबंदीचे आदेश मागा, आणि ते कन्नडमध्ये कधी निघाले का, ते बाईंनी सांगितलं तसं विचारा.

शहापूरकर

तिकडंही दीडशे शब्दांचीच मर्यादा आहे. रात्री बसतो. बाई, शुद्धलेखन तुम्ही बघा.

वडगावची बाई

पाठवा. नऊनंतर, वह्या तपासून झाल्यावर.