स्टँडबाय दोन दिवस बंद राहिला आणि प्रायमरीची डिस्क भरली

भोसरी_वर्कशॉप:
आमचा भोसरीत सुट्या भागांचा कारखाना आहे. डेटाबेस पोस्टग्रेस १६. प्रायमरी (मुख्य सर्व्हर) कारखान्यात, स्टँडबाय (त्याची सतत जुळत राहणारी प्रत) कोथरूडच्या ऑफिसात, मध्ये रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायने कुठवर वाचलं याची प्रायमरीवरची नोंद). गुरुवारी कोथरूडला दिवसभर लाइट नव्हती, शुक्रवारी ऑफिसला सुट्टी. शनिवारी सकाळी प्रायमरीच बंद! पीजी_वॉल फोल्डरने (यात वॉल, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, साठते) सगळी डिस्क खाल्ली होती. टेम्पो दारात उभे आणि चलन निघेना. त्या फाइली उडवणारच होतो, पण धीर झाला नाही. डिस्क वाढवली तेव्हा सुरू झालं. चुकलं कुठे? आणि स्टँडबाय आहे तर रात्रीचा बॅकअप बंद केला तर चालेल ना?

औंधकर:
फाइली उडवल्या नाहीत ते फार बरं केलंत, डेटाबेस उठलाच नसता. स्टँडबायने वाचेपर्यंत स्लॉट वॉल सोडत नाही आणि त्याला मुळात मर्यादा नसते. आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ही सेटिंग आहे, डिस्क बघून आकडा घाला. त्यापुढे गेलं तर स्लॉट बाद होईल, पण कारखाना चालू राहील.

डेटाबेसवाली_ताई:
दादा, बॅकअप अजिबात बंद करू नका, हात जोडून सांगते. मी एका लॅबचं काम बघायचे. एका मुलाने 'व्हेअर' (कोणत्या नोंदी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट चालवला आणि सगळ्या पेशंटच्या रिपोर्टवर एकच तारीख आली. स्टँडबायकडे धावले, तर तिथेही तीच तारीख. स्टँडबायने आपलं काम चोख केलं होतं, चूकसुद्धा सेकंदात उतरवून घेतली होती. आदल्या रात्रीचा बेसबॅकअप (डेटाबेसची पूर्ण प्रत) आणि वॉलचं आर्काइव्ह (वॉल फाइलींचा वेगळा साठा) होतं, म्हणून अपडेटच्या दोन मिनिटं आधीपर्यंत परत आणता आलं. ती संध्याकाळ मी विसरत नाही.

आर्काइव्ह तिसऱ्या मशीनवर ठेवा. स्टँडबायला रिस्टोअर_कमांड (आर्काइव्हमधून वॉल आणायची आज्ञा) दिलीत तर स्लॉट बाद झाला तरी तो तिथून गाठून घेतो, नव्याने उभारावा लागत नाही.

आणि प्रमोट करून, म्हणजे स्टँडबायलाच प्रायमरी बनवून, बघितलंय का कधी? एखाद्या रविवारी कराच. फक्त प्रमोट केल्यावर जुनी प्रायमरी तशीच चालू करू नका, दोन्हीकडे चलनं निघायला लागतील. आधी पीजी_रिवाइंड (जुन्या प्रायमरीला नव्या प्रायमरीशी जुळवून घेणारं साधन). त्यासाठी चेकसम (डेटा बिघडलाय का ते ओळखणारी तपासणी) किंवा वॉल_लॉग_हिंट्स ही सेटिंग आधीपासून चालू हवी, ते आजच बघून घ्या.

भोसरी_वर्कशॉप:
ताई, बघितलं. दोन्ही बंद आहेत. आज दुसरी पाळी सुटली की वॉल_लॉग_हिंट्स लावून रीस्टार्ट करतो. बॅकअप चालूच ठेवतोय.