मदत हवी आहे: गाडी भारी घेतली आणि बायको लांब गेली (गैरसमज नको)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसा पण उत्तर द्या.

दिवाळीत सेकंडहँड जर्मन सेदान घेतली. आत बसलं की हॉटेलच्या लॉबीत आल्यासारखं वाटतं, मऊ लेदर, दाराला लाकडी पट्टी आणि त्याखाली ६४ रंगांपैकी हवा तो उजेड, काचा दोन पदरी त्यामुळे मागचा ट्रकवाला हॉर्न देतोय की शिट्टी मारतोय तेही कळत नाही. मला वाटलं आता दोघांनी मस्त लाँग ड्राइव्ह, जुने दिवस परत. तर परवा पाचगणीला जाताना ही म्हणते, "अरे, तुझ्याशी बोलायचं तर फोन लावू का?"

खोटं नाही बोलली. आमच्यामध्ये हा एवढा रुंद कन्सोल, त्यात कपहोल्डर, वायरलेस चार्जर, त्यामागे पेटीएवढा आर्मरेस्ट. लग्नाआधी बाबांची प्रीमियर पद्मिनी होती, गिअर स्टेअरिंगच्या दांडीला आणि पुढे सोफ्यासारखी सलग सीट, रेक्झिनची. पसरणी घाटात डावं वळण आलं की ही घसरत माझ्याकडे यायची, आणि उजवं वळण आलं तरी परत जायची नाही :) इंजिनाचा एवढा आवाज की बोलायचं तर कानाशीच यावं लागायचं. आता सीटला दोन्ही बाजूंनी असे उंचवटे आहेत की माणूस जागचा हलत नाही. (बेल्ट तेव्हा लावायचो नाही, आता लावतो, त्यावरून लेक्चर नको.)

तर विचारायचं हे की मधे एवढं बांधकाम लागतंच का? गिअरबॉक्स आणि मागची चाकं फिरवणारा शाफ्ट (लांब दांडा) मधून जातो म्हणून असं डीलर म्हणाला. आणि आहे त्या गाडीत काही करता येईल का? गाडी विकायचा सल्ला देऊ नका, हप्ते चालू आहेत.

जुनागॅरेज: डीलरने गुंडाळलंय तुम्हाला. पद्मिनी पण मागच्या चाकांवरच चालायची, शाफ्ट मधूनच जायचा, तळाला फक्त एक कुबड होतं. ॲम्बेसेडरचंही तेच. मर्सिडीजवाल्यांनी तर गिअरची दांडी केव्हाच स्टेअरिंगमागे नेली तरी कन्सोल तेवढाच रुंद. ड्रायव्हरला कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटावं हा सगळा खटाटोप, शेजारी कोण बसलंय याचा विचार नंतर. मोकळं हवं असेल तर ह्युंदाईची इलेक्ट्रिक आयोनिक ५ बघा पुढेमागे, तळ सपाट आणि मधला कन्सोल १४ सेंमी मागे सरकतो.

पुणेरी_चालक: काही नव्या गाड्यांत आता दोन पुढच्या सीट्सच्या मधेही एअरबॅग असते, अपघातात दोघांची डोकी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. तुमचं काही खरं नाही.

सई_मा: दादा, बायकोच्या बाजूने बोलते. पहिलं म्हणजे उजेड कुठला लावता? जांभळा नाहीतर निळा असणार. तो काढा, पिवळसर लावा आणि अगदी मंद करा, निळ्या उजेडात माणूस आजारी दिसतो. मॅप लागत नसेल तेव्हा ती मोठी स्क्रीन बंद करा, रात्री सगळा प्रकाश तोंडावर येतो आणि लक्ष तिकडेच जातं. आणि खरं सांगा, आर्मरेस्टवर कोपर कुणाचा असतो?

धागाकर्ता: जांभळाच होता. ही पहिल्याच दिवशी म्हणाली होती की ऑर्केस्ट्रा बारमध्ये बसल्यासारखं वाटतं, मला वाटलं कौतुक करतेय. कोपर माझाच असतो.

सई_मा: मग झालं.

धागाकर्ता: अपडेट. काल रात्री सिंहगड रोडने येताना अंबर लाइट लावला, स्क्रीन बंद केली, कोपर काढून घेतला, आर्मरेस्ट पूर्ण रिकामा. सिग्नलला हिने बघितलं, हसली, आणि तिथे पर्स ठेवली.