किलिमांजारो करून आलेले नाशिककर, आपापले अनुभव लिहा

आमच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकच्या ग्रुपमधले काही जण येत्या जानेवारीत किलिमांजारोला निघालेत, त्यात माझी धाकटी बहीण पण आहे. उंची ५८९५ मीटर. दोर लावून चढायचं वगैरे काही नाही म्हणून सगळे "चालतच तर जायचंय" म्हणतात आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. माहितीपत्रकं वाचून झाली, आता जाऊन आलेल्यांकडून ऐकायचंय. माथ्यावर पोचलात की मधूनच उतरलात, दोन्ही लिहा, हातचं राखू नका.

गंगापूर रोड

आम्ही माचामे रूटने गेलो. तो सहा दिवसांत पण करतात आणि सात दिवसांत पण, तुझ्या बहिणीला सांग सातवालाच घे, पैसे जास्त जातात पण कारांगा कॅम्पला एक मुक्काम वाढतो आणि शेवटच्या रात्रीआधी अंगाला उसंत मिळते. पहिला दिवस नुसतं दाट जंगल आणि चिखल, मग झाडं खुरटत जातात आणि लाव्हा टॉवरला, म्हणजे ४६०० मीटरच्या आसपास, पोचेपर्यंत फक्त दगड उरतात. तिथे माझं डोकं असं ठणकत होतं की सूप समोर आलं तरी नको झालेलं, गाइड शेजारी उकिडवा बसून एकेक घोट प्यायला लावत होता, वाटी रिकामी होईपर्यंत उठला नाही. आणि त्याच दुपारी परत सहाशे-सातशे मीटर खाली बरांको कॅम्पला उतरवतात. एवढं चढून परत खाली कशाला असं वाटून जीव तुटतो, पण दिवसा वर जायचं आणि झोपायला खाली यायचं यानेच शरीर विरळ हवेला सरावतं, मला तर उतरता उतरताच भूक लागली. बरांको कॅम्पनंतरच्या उभ्या खडकाचा, म्हणजे बरांकोच्या भिंतीचा बाऊ करू नका, हरिहरच्या पायऱ्या केलेल्यांना हाताने धरून चढायची सवय असतेच.

इंदिरानगर

मी माथ्यावर पोचले नाही. माथ्याआधीच्या शेवटच्या मुक्कामावरून, बराफू कॅम्पवरून मध्यरात्री निघालो, वर बघितलं तर हेडलँपची रांग पार आभाळात गेलेली, पाण्याच्या पिशवीची नळी गोठली होती. माथ्याआधी ज्वालामुखीच्या कडेवर स्टेला पॉइंट लागतो, त्याच्या बरंच खाली मी थोडी झोकांडले, तेवढ्यावर गाइडने थांबवलं आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. मला जमेना. तो एवढंच म्हणाला, आता खाली. ह्यांनी हुज्जत घालायचा प्रयत्न केला, त्याने ऐकून पण घेतलं नाही. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज यायला लागल्याची खूण असू शकते आणि त्यावर खरा उपाय उतरणं हाच, हे तिथे त्याला माहीत होतं, आम्हाला नव्हे. असिस्टंट गाइड मला धरून खाली घेऊन आला, हे मोठ्या गाइडबरोबर वर गेले. म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा की शेवटच्या रात्री किती गाइड सोबत असणार. एकच असेल तर एकाला त्रास झाला की सगळेच परत, नाहीतर त्याला एकट्याला सोडायचं. दुसरं तर मनात पण आणू नका.

सिडको

मी डॉक्टर आहे म्हणून दोन ओळी. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी, घेणार असाल तर इथेच आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, आणि घरी एखाद-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. पण गोळी घेतली म्हणजे भराभर चढायला मोकळे असं अजिबात नाही. बसल्याजागी धाप लागली किंवा खोकला ओला यायला लागला तर सकाळची वाट न बघता उतरायचं.

पंचवटी

पोर्टर लोकांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपण छोटी सॅक घेऊन हळूहळू चालतो आणि ती पोरं तंबू, गॅस, भाजीपाला डोक्यावर घेऊन पुढे निघून जातात, आपण पोचायच्या आत तंबू उभा. आमच्या पोर्टरपैकी एकाच्या पायात फाटके कॅनव्हासचे बूट होते आणि वर गारा पडत होत्या. सगळ्यात स्वस्त पॅकेज कुणाच्या पोटाला चिमटा घेऊन स्वस्त होतं ते तिथे दिसतं. रोजची मजुरी किती देता, त्यांना जेवण किती वेळा मिळतं हे कंपनीला लेखी विचारा, आणि टिपचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

सातपूर

प्रॅक्टिसचं सांगतो. दर रविवारी कळसूबाई करा, पण ते १६४६ मीटर आहे, त्याने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. आणि उतरायची प्रॅक्टिस करा. माथा करून त्याच दिवशी म्वेकाच्या, म्हणजे उतरायच्या वाटेच्या बाजूला खूप खाली आणतात, गुडघे तिथे बोलायला लागतात. अंजनेरी पाठीवर वजन घेऊन उतरा, चढताना नाही घेतलं तरी चालेल.

कृषीनगर

सगळ्यांचे मनापासून आभार, इंदिरानगरच्या ताई, तुमचं बहिणीला मोठ्याने वाचून दाखवलं, तिने लगेच गाइड किती ते विचारायला फोन लावला. जाड जॅकेट इथून घ्यायचं की तिकडे भाड्याने मिळतं?

गंगापूर रोड

डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावात भाड्याने मिळतं, स्लीपिंग बॅग पण. बूट मात्र इथलेच, आधी भरपूर वापरलेले, आणि विमानात पायातच घालून बसायला सांग, सामान मागे राहिलं तर बाकी सगळं तिथे उभं करता येतं.