आडत्यासोबतचं कॉल रेकॉर्डिंग कोर्टात चालतं का?

प्रश्न (लातूर): सोयाबीनचं माप झालं, पण आडत्याने पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) दिली नाही. "आठ दिवसांत पैसे देतो" हे फोनवर कबूल केलंय. न सांगता टेप केलं, हे योग्य आहे का?

उत्तर १: आपण स्वतः बोलतोय तो कॉल टेप करण्यात मला गैर वाटत नाही. दुसऱ्या दोघांचं चोरून ऐकणं मात्र चूकच. खरी अडचण पुराव्याची. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलचा हॅश (फाइलवरून संगणकाने काढलेला अक्षर-अंकांचा ओळख-कोड) लिहावा लागतो. सुरुवातीचं "हॅलो" जरी कापलं तरी हॅश बदलतो, म्हणून ट्रिम करूच नका. आधी फोनमधलं रेकॉर्डिंग आपोआप डिलीट होण्याचं सेटिंग बंद करा.

उत्तर २: यावरचा मोठा निकाल आपल्या जालन्याचाच! 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, 2020. तेव्हाच्या जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65ब खालचं प्रमाणपत्र सक्तीचं ठरलं. मूळ यंत्रच मालकाने साक्षीला आणलं तर सूट. म्हणून तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

उत्तर १: आणि काट्याची चिठ्ठी जपा. नुसत्या आवाजावर विसंबू नका.