टेस्टरवर आठही दिवे लागतात, तरी लांब केबलवर नेट तुटतं. का?

लॅब_शिक्षक:
आमच्या नेटवर्किंगच्या वर्गात मुलं कॅट ५ई (नेटवर्कची तांब्याची) केबल क्रिम्प करतात, म्हणजे टोकांना कनेक्टर दाबून बसवतात. दोन-तीन मीटरच्या केबल बिनतक्रार चालतात. पण खालच्या मजल्यावरच्या स्विचपर्यंत टाकलेल्या ३५ मीटरच्या केबलवर लिंक कधी १ गीगाबिट, कधी १०० मेगाबिट दाखवते आणि मोठी फाइल कॉपी करताना अडकते. टेस्टरवर १ ते ८ दिवे क्रमाने लागतात. क्रम दोन्ही टोकांना सारखाच आहे: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. स्विचचा पोर्ट बदलून पाहिला, फरक नाही.

तांब्याची_तार:
चूक त्या क्रमातच आहे. दोन्ही टोकं सारखी असणं पुरेसं नाही, जोड्याही बरोबर पिनांवर हव्यात. केबलमधल्या आठ तारा दोन-दोन एकत्र पिळलेल्या असतात आणि इथरनेटच्या जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ या पिनांवर असतात. तुमच्याकडे ३ वर पांढरी-हिरवी आणि ६ वर निळी आली. म्हणजे एका सिग्नलच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत गेल्या. ४-५ चीही तीच गत. पीळ असतो तो याचसाठी की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडावा आणि पलीकडे वजा होऊन जावा. जोडी फुटली की शेजारच्या जोडीचा सिग्नल आत झिरपतो. केबल लहान असली तर निभावतं, लांबीबरोबर चुका वाढतात. साधा टेस्टर फक्त तार सलग आहे का ते पाहतो, कोण कोणाबरोबर पिळलंय ते त्याला कळत नाही.

दोन्ही टोकं कापा आणि टी५६८बी या ठरलेल्या रंगक्रमाप्रमाणे नव्याने करा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी खाली, पिना वर आणि केबल आपल्याकडे ठेवली, तर पहिली पिन डावीकडे येते. आवरण अडीच-तीन सेंटिमीटर सोला, तारा सरळ करून १३ मिलिमीटरच्या आसपास कापा. पीळ त्याहून जास्त उलगडलेला राहू देऊ नका. वरचं आवरण कनेक्टरच्या आत, दाबपट्टीखाली गेलंच पाहिजे. ते बाहेर राहिलं की ओढ थेट तारांवर येते.

रॅक_आणि_पॅच:
वरचं अगदी बरोबर. केबलही तपासा. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा: आत पांढुरकं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध जास्त आणि तार ठिसूळ, क्रिम्पमध्येच तुटते. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्यांना तर ती अजिबात वापरू नका. नव्याने क्रिम्प केल्यावर दोन पीसींमध्ये दोन-तीन जीबीची फाइल कॉपी करा आणि स्विचवर पोर्टचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) दिसत असतील तर तेही बघा. आकडा वाढता कामा नये.

लॅब_शिक्षक:
दोन्ही टोकं कापून केली. लिंक १ गीगाबिटवर स्थिर आहे, कॉपीही अडकत नाही. जुन्या काही केबल दोन्ही टोकांना टी५६८ए आहेत, त्याही कापू का?

तांब्याची_तार:
नको. ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची फक्त अदलाबदल असते, जोड्या शाबूत राहतात. वर्गासाठी मात्र एक फुटक्या जोडीची लांब केबल मुद्दाम जपून ठेवा. मुलांना आधी टेस्टर लावू द्या, मग तिच्यावरून फाइल कॉपी करायला सांगा.