चौदाव्या आठवड्यात एमसीव्ही ६६: लोहाची कमतरता की थॅलेसेमिया मायनर?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
माझ्या पत्नीला चौदावा आठवडा सुरू आहे. परवाच्या सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) हिमोग्लोबिन १०.८ आले असून एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, ६६ फेम्टोलिटर आहे. त्यापुढे ठळक ‘एल’ छापलेला पाहून घरातले सगळे धास्तावले आहेत. पेशींची संख्या मात्र ५.३, म्हणजे ५३ लाख असून तिच्यापुढे ‘एच’ आहे. आईंचे म्हणणे आहे की लोहाची गोळी आजपासून दोन वेळा द्यावी. डॉक्टरांची भेट सोमवारी आहे. तोवर हा रिपोर्ट कसा समजून घ्यावा?

उत्तर १ (लॅब तंत्रज्ञ, मंगळवार पेठ):
गरोदरपणात रक्तातील द्रवभाग वाढल्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरते, पण त्यामुळे पेशी लहान होत नाहीत. उलट एमसीव्ही काहीसे वाढण्याकडेच कल असतो. सर्वसाधारण मर्यादा ८० ते १०० असल्याने ६६ या आकड्याला गरोदरपणाखेरीज दुसरे कारण असणार. लोह कमी पडले की पेशी लहान होतात आणि संख्येनेही सहसा घटतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे केवळ वाहक असलेल्यांत, पेशी लहान असल्या तरी संख्येने भरपूर असतात. म्हणून एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागून पाहतात: ६६ भागिले ५.३ म्हणजे सुमारे १२.५. तेराच्या खाली उत्तर आले की मायनरची शंका घेतात. हा केवळ अंदाज आहे, निदान नव्हे. सोमवारी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीबद्दल आवर्जून विचारा. दोन्ही एकत्र वाचावे लागतात, कारण लोह फार कमी असेल तर एचबीए२ (मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) थोडे खाली येऊन मायनर झाकला जाऊ शकतो. तोवर गोळी मनाने वाढवू नका आणि बंदही करू नका. फॉलिक ॲसिड तर चुकवूच नका.

उत्तर २ (गडहिंग्लज):
माझा अनुभव उलट बाजूचा आहे. पाचव्या महिन्यात माझे एमसीव्ही ८४ होते, म्हणून सगळे ठीक असल्याचे मला सांगण्यात आले. पण धाप लागणे थांबेना. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच कागदावरील आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतील तफावत) १९ या आकड्यावर बोट ठेवले. लोह कमी असल्याने काही पेशी लहान, बी१२ कमी असल्याने काही मोठ्या, आणि सरासरी मात्र मधोमध! दादा, आरडीडब्ल्यूचा आकडाही डॉक्टरांना जरूर दाखवा.

प्रश्नकर्ता:
आरडीडब्ल्यू १४.८ आहे. कपाटातील जुनी फाईल काढली, तर लग्नाआधीच्या २०१९ च्या रिपोर्टमध्येही एमसीव्ही ६७ आहे. तेव्हा कोणीच काही बोलले नव्हते.

उत्तर १:
इतकी वर्षे आकडा जागचा हलला नाही, हे मायनरकडे बोट दाखवते. ती जुनी फाईल सोबत न्या. आणि दादा, पत्नीच्या रिपोर्टची वाट न पाहता तुमचीही सीबीसी व एचपीएलसी याच आठवड्यात करून घ्या. तुम्ही वाहक नसाल, तर बाळाला थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे या आजाराच्या गंभीर रूपाची, भीती जवळजवळ राहत नाही. दोघेही वाहक असाल, तर प्रत्येक गरोदरपणात ती चारात एक असते. बाळाला मेजर आहे का हे पाहणारी गर्भजलाची तपासणी पंधराव्या आठवड्यापासून करता येते, त्यामुळे आत्ताचा एकेक दिवस मोलाचा आहे.